घर कोणाचे, दार कोणासाठी?
(अमेरिकेतील विद्यार्थी-बंधुसंघांच्या घरांचा इतिहास)

शिक्षणाची गोष्ट निघाली की आपण फी, पुस्तके आणि क्लासचा हिशोब मांडतो. परंतु मुलगा किंवा मुलगी शिकायला परगावी निघाली की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. राहायचे कोठे? जेवायचे कोठे? आजारी पडले तर पाणी कोण देणार? आपल्या वस्तीतल्या जुन्या माणसांना हा प्रश्न नवा नाही. डोक्यावर छप्पर नाही म्हणून ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर राहिले, अशी माणसे आपल्या प्रत्येक चाळीत होती.

या प्रश्नाला जगात ठिकठिकाणी लोकांनी आपापल्या परीने उत्तरे शोधली. अमेरिकेत एक उत्तर असे निघाले की, शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी वर्गणी काढायची आणि मागून येणाऱ्या मुलांसाठी घर बांधायचे. अशा घराला तिकडे 'फ्रॅटर्निटी हाऊस' म्हणतात. फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुसंघ, बंधुता. हा शब्द आपल्याला परका नाही. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य व समता यांच्या जोडीला जी बंधुता आहे, तिच्यासाठी इंग्रजी मसुद्यात हाच शब्द आहे, आणि तो बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तेथे आणला. तेव्हा ज्या घरांवर 'बंधुता' अशी पाटी लागली, त्या घरांत बंधुता किती नांदली, घर बांधायला पैसा कोणी दिला आणि दार कोणासाठी उघडले, हे समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे असे आम्हाला वाटते.

लाकडी झोपडीपासून सुरुवात

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या गुप्त मंडळांची परंपरा जुनी आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' नावाचे मंडळ निघाले. ग्रीक अक्षरांची नावे ठेवण्याची पद्धत तेथून पडली. पुढे १८२५ च्या आसपास न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात आज ज्यांना आपण फ्रॅटर्निटी म्हणतो तशा संघटना उभ्या राहू लागल्या. मुले एकत्र जमायची, वादविवाद करायची, निबंध वाचायची, गाणी म्हणायची. जागा मात्र स्वतःची नसे. कोणाची तरी खोली, नाहीतर दुकानाचा माळा, अशा ठिकाणी बैठका चालत.

पहिले स्वतःचे घर बांधल्याचा मान 'काय साय' या संघाकडे जातो. मिशिगन विद्यापीठातील त्यांच्या मुलांनी १८४६ साली ॲन आर्बर गावाबाहेरच्या रानात ओंडक्यांची एक झोपडी उभी केली. विद्यापीठातील प्राध्यापकांना ही गुप्त मंडळे पसंत नव्हती, मुलांवर बंदीची तलवार होती, म्हणून रानातली जागा! म्हणजे घराची सुरुवात चैनीसाठी झाली नाही. चार भिंतींच्या आत कोणाची परवानगी न घेता एकत्र बसता यावे, एवढीच इच्छा होती.

पण पन्नास-साठ वर्षांत चित्र पालटले. त्या झोपडीतली आणि तिच्यासारख्या मंडळांतली मुले वकील झाली, बँकांचे मालक झाली, कारखानदार झाली. त्यांना आपल्या जुन्या मंडळाची आठवण होती आणि खिशात पैसा होता. दुसऱ्या बाजूला कॉलेजांची संख्या वाढत होती, विद्यार्थी वाढत होते आणि वसतिगृहे अपुरी पडत होती. न्यूयॉर्क राज्यातील इथाका गावी १८६८ साली कॉर्नेल विद्यापीठ उघडले. तेथील पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी बंधुसंघांना घरे बांधायला उत्तेजनच दिले. मुलांच्या राहण्याची सोय परस्पर होते, विद्यापीठाचा खर्च वाचतो, असा तो सरळ व्यवहार होता.

पैसा कसा उभा राहतो

आता बघा, कॉलेजात शिकणारी पोरे काही लाखो रुपयांचे घर बांधू शकत नाहीत. तीन-चार वर्षांनी ती निघून जाणार. मग घर कोणाच्या नावावर राहणार? कर्ज कोण फेडणार? यावर तिकडे जी पद्धत बसली ती अशी की, माजी सदस्यांनी एक वेगळी नोंदणीकृत संस्था स्थापायची. तिला 'हाऊस कॉर्पोरेशन' म्हणतात. जमीन व इमारत तिच्या मालकीची. शिकणारी मुले तिचे भाडेकरू. भाड्यातून डागडुजी, विमा, कर आणि कर्जाचे हप्ते भागवायचे. नवे घर बांधायचे किंवा जुने पाडून मोठे करायचे असले की मात्र माजी सदस्यांकडे झोळी घेऊन जायचे.

झोळी फिरवण्याचेही तिकडे शास्त्र झाले आहे. आधी चाचपणी करतात, म्हणजे पाच-पन्नास जुन्या सदस्यांना भेटून किती मिळू शकेल याचा अंदाज घेतात. मग गाजावाजा न करता मोठ्या देणगीदारांकडून निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम कबूल करून घेतात आणि नंतरच जाहीर आवाहन निघते. रक्कम एकदम मागत नाहीत. तीन किंवा पाच वर्षांत हप्त्याने देण्याचे वचन घेतात. अमुक वर्षीच्या तुकडीने किती दिले, तमुक वर्षीच्या तुकडीने किती, याची यादी छापून चढाओढ लावतात. कोणाच्या नावाची पाटी अभ्यासिकेवर, कोणाच्या नावाची भोजनगृहावर. आपल्याकडे विहाराच्या पंख्यावर आणि घड्याळावर दात्याचे नाव असते, त्यातलाच हा प्रकार.

यात एक कायद्याची मेख आहे. अमेरिकेच्या आयकर कायद्यात शिक्षणसंस्थेला किंवा शैक्षणिक ट्रस्टला दिलेल्या देणगीवर करात सूट मिळते. बंधुसंघाचे घर मात्र कायद्याच्या नजरेत क्लबासारखे आहे, त्यामुळे थेट घरासाठी दिलेल्या पैशाला सूट नाही. म्हणून बऱ्याच संघांनी वेगळे शैक्षणिक फाउंडेशन काढले. घरातील अभ्यासिका, ग्रंथालय यांसारख्या निव्वळ शिक्षणाच्या भागापुरती त्या फाउंडेशनची मदत घेता येते, बाकीच्या भागाला नाही. सांगायचे तात्पर्य, सरकारनेही तेथे रेषा ओढली आहे. शिकण्यासाठी जागा ही समाजाची गरज, आणि मौजेसाठी जागा हा ज्याचा त्याचा खर्च.

इथाका, डिसेंबर १९०६

आता आम्ही वाचकांना एका आठवड्यात घेऊन जाणार आहोत. गाव इथाका, महिना डिसेंबर, साल १९०६.

विद्यापीठाच्या टेकडीवर एक भव्य वाडा होता. लाकडाच्या व्यापारात गडगंज झालेल्या जॉन मॅकग्रॉ यांची कन्या जेनी हिने तो हौसेने बांधवला. तिने विद्यापीठाचे ग्रंथपाल विलर्ड फिस्क यांच्याशी विवाह केला, पण वाड्यात राहण्याचे सुख तिला लाभले नाही. १८८१ साली ती क्षयाने वारली. तिच्या मृत्युपत्रावरून विद्यापीठ आणि फिस्क यांच्यात दावा लागला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९० साली निकाल विद्यापीठाच्या विरुद्ध लागला. पुढे १८९६ साली हा वाडा त्याच 'काय साय' संघाच्या कॉर्नेल शाखेने घेतला. रानातल्या झोपडीपासून पन्नास वर्षांत राजवाड्यापर्यंत मजल गेली ती अशी.

७ डिसेंबर १९०६ च्या पहाटे या वाड्याला आग लागली. बर्फाळ थंडी, वारा, टेकडीचा चढ. आत झोपलेल्या मुलांपैकी चार दगावली. भिंत कोसळून गावचे तीन स्वयंसेवक अग्निशामक ठार झाले. एकूण सात माणसे गेली. वाड्याची राख झाली. परंतु संघ संपला नाही. त्यांच्यामागे पैसेवाले माजी सदस्य उभे होते, आणि थोड्याच काळात त्याच जागेवर नवी इमारत उभी राहिली.

त्या आगीच्या अवघ्या तीन दिवस आधी, ४ डिसेंबर १९०६ रोजी, त्याच गावात दुसरी एक घटना घडली होती. तिची दखल कोणी घेतली नाही. सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' नावाचा बंधुसंघ स्थापन केला. त्यांची नावे अशी : हेन्री कॅलिस, चार्ल्स चॅपमन, युजीन किंकल जोन्स, जॉर्ज केली, नॅथॅनियल मरे, रॉबर्ट ओगल आणि व्हर्टनर टँडी.

त्यांना हा संघ का काढावा लागला? कोणीही यावे व कोणताही विषय शिकावा, असे ध्येय सांगून कॉर्नेल विद्यापीठ स्थापन झाले होते. वर्गाचे दार कृष्णवर्णीयांना उघडे होते, पण घराचे नव्हते. गोऱ्या मुलांच्या बंधुसंघात त्यांना प्रवेश नाही. गावात खोली मिळायची ती बहुधा त्यांच्याच समाजातील एखाद्या कुटुंबाकडे. सोबतीला अभ्यास करणारे कोणी नाही, जुन्या प्रश्नपत्रिका दाखवणारे कोणी नाही. आदल्या वर्षी कॉर्नेलला असलेले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९०५-०६ साली परतलेच नाहीत. बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. एकटे पडले म्हणून. या सहा जणांच्या गळतीने उरलेली मुले हादरली. आधी त्यांनी नुसते अभ्यासमंडळ काढले. गावातील एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत ती जमत. त्यांच्यातल्या काहींना शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी गोऱ्यांच्या त्या बंधुसंघांच्या घरांतच वाढप्याचे काम करावे लागे. ताटे वाढता वाढता त्यांनी पाहिले की, एकत्र राहणाऱ्या मुलांना एकमेकांचा केवढा आधार असतो. जे पाहिले ते त्यांनी आपल्यासाठी मागितले नाही, कारण मागून मिळणार नव्हते. त्यांनी स्वतः उभे केले.

सात माणसे एका घरात मेली आणि सात माणसांनी घराशिवाय सुरुवात केली. हा योगायोगच, पण दोन्हीतला फरक नीट पाहिला पाहिजे. एकाकडे वाडा होता, तो जळाला तरी नवा उभा करणारे हात होते. दुसऱ्याकडे खोलीसुद्धा नव्हती. असे असूनही दुसऱ्यांनी पुढे काय केले?

घर नसलेल्यांनी काय बांधले

त्या सात जणांपैकी टँडी हे न्यूयॉर्क राज्यातील पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुशिल्पी झाले. हार्लेममधील सेंट फिलिप्स चर्च त्यांनी व त्यांच्या भागीदाराने उभारले. गोऱ्यांच्या घरात जागा न मिळालेल्या माणसाने इतरांसाठी इमारती बांधल्या! कॅलिस डॉक्टर झाले. जोन्स यांनी 'नॅशनल अर्बन लीग' ही कृष्णवर्णीयांच्या रोजगार व निवाऱ्यासाठी झटणारी संस्था वर्षानुवर्षे चालवली. केली इंजिनिअर झाले, चॅपमन व मरे शिक्षणक्षेत्रात गेले.

पण खरे महत्त्व आहे ते एका पद्धतीला. या संघात कॉलेज सुटले म्हणून सदस्यत्व सुटत नाही. १९११ साली केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे माजी विद्यार्थ्यांची पहिली शाखा निघाली आणि मग गावोगाव अशा शाखा झाल्या. पदवी घेतली, नोकरी लागली, लग्न झाले, तरी शाखेच्या बैठकीला यायचे, वर्गणी भरायची, पुढच्या मुलांना हात द्यायचा. घर नव्हते म्हणून त्यांनी माणसांनाच घर केले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या वर्गणीतून त्यांनी केवळ स्वतःची सोय पाहिली नाही. १९३५ साली डोनाल्ड गेन्स मरे या तरुणाला कातडीच्या रंगावरून मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयात प्रवेश नाकारला गेला. त्याचा खटला उभा करण्यात या संघाचा व त्यातील वकिलांचा मोठा वाटा होता. चार्ल्स ह्यूस्टन आणि थर्गुड मार्शल हे दोघेही संघाचे सदस्य. १९३६ साली मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने मरेच्या बाजूने निकाल दिला. हेच मार्शल पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांना रंगामुळे दाराबाहेर ठेवले गेले, त्यांनी १९४५ साली आपल्या संघाचे दार सर्व वंशांच्या मुलांसाठी उघडले.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे १९५२ साली बोस्टनला शिकत असताना या संघात आले. त्यांच्या हत्येनंतर अनेक वर्षांनी, १९८४ साली, संघातील काही सदस्यांनी कल्पना मांडली की, वॉशिंग्टन राजधानीत आपल्या या भावाचे स्मारक व्हावे. १९९६ साली अमेरिकेच्या संसदेने परवानगी दिली, मात्र पैसा लोकांनी उभा करायचा होता. एकूण खर्च सुमारे १२ कोटी डॉलर! संघाच्या शाखांनी वर्गण्या काढल्या, मोठमोठ्या कंपन्यांकडून देणग्या मिळवल्या, सामान्य माणसानेही आपला डॉलर टाकला. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये भूमिपूजन झाले आणि १६ ऑक्टोबर २०११ रोजी लोकार्पण. इथाका गावात बैठकीला जागा शोधणाऱ्या मुलांच्या वारसांनी राजधानीच्या मध्यभागी हे स्मारक उभे केले. कल्पनेपासून पुतळ्यापर्यंत सत्तावीस वर्षे लागली. वर्गणीच्या कामात धीर किती लागतो, याचा हा हिशोब आहे.

दुसरी आग

पहिली आग अपघाताची होती. दुसरी माणसाने लावलेली.

'फाय बीटा सिग्मा' हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आणखी एक संघ. तो ९ जानेवारी १९१४ रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाला. थोर शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे या संघाचे सदस्य होते. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे कार्व्हर आपल्या मराठी घरांत नातलगासारखे झाले आहेत. आयोवा येथे कृषी महाविद्यालयात शिकायला गेले तेव्हा त्यांच्याही राहण्याचा प्रश्न होताच, आणि एका प्राध्यापकाने आपली कचेरीची खोली देऊन तो सोडवला होता.

या संघाची शाखा मिसिसिपी विद्यापीठात होती. हे विद्यापीठ म्हणजे जेथे १९६२ साली जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळली, दोन माणसे मेली आणि लष्कर आणावे लागले. वर्गात प्रवेश मिळून सव्वीस वर्षे झाली तरी बंधुसंघांच्या घरांची जी रांग होती, त्या रांगेत एकही कृष्णवर्णीय संघ नव्हता. १९८८ साली 'फाय बीटा सिग्मा'ला त्या रांगेत एक घर मिळाले. मुले सामान घेऊन येण्याच्या बेतात होती, तोच ४ ऑगस्ट रोजी घर जाळण्यात आले. गुन्हेगार सापडला नाही. पण मुलांनी माघार घेतली नाही. दोन महिन्यांत त्याच रांगेत दुसरे घर मिळाले आणि ती तेथे राहायला गेली.

इथाकाची आग विझल्यावर प्रश्न होता नवे घर किती मोठे बांधायचे. मिसिसिपीत प्रश्न होता या रस्त्यावर आम्ही राहायचे की नाही. दोन्ही ठिकाणी पाटीवरचा शब्द एकच, बंधुता. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

कडीवर हात कोणाचा

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. माजी विद्यार्थ्यांचा पैसा घर उभे करतो हे खरे, पण तोच पैसा पुष्कळदा दाराची कडीही धरून बसतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक गोऱ्या संघांच्या घटनेतच लिहिलेले होते की सदस्य अमुक वंशाचा, अमुक धर्माचाच हवा. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात 'फाय कॅपा साय' संघाच्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला आपल्यात घेतले. वरच्या संघटनेने त्या शाखेचीच मान्यता काढून घेतली. मुले वाकली नाहीत. त्यांनी नाव बदलले, स्वतंत्र संघ केला आणि आपला भाऊ सोडला नाही.

कागदावरची कलमे पुढे गेली, पण मने बदलायला वेळ लागला. अलाबामा विद्यापीठात २०१३ साली विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने उघड केले की, मुलींच्या संघांतील सदस्य एका कृष्णवर्णीय मुलीला घ्यायला तयार होत्या, पण माजी सदस्य बायकांनी आडकाठी केली. शिकणाऱ्या मुली पुढे गेल्या होत्या. शिकून गेलेल्या मागे राहिल्या होत्या. गवगवा झाल्यावर विद्यापीठाला प्रवेश पुन्हा खुले करावे लागले.

काही कॉलेजांनी तर मुळावरच घाव घातला. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या विश्वस्तांनी १९६२ साली ठरवले की, मुलांच्या राहण्या-जेवण्याची जबाबदारी कॉलेजच घेईल, बंधुसंघांकडे ती राहणार नाही. माजी विद्यार्थी चिडले, देणग्या थांबवण्याच्या धमक्या झाल्या. कॉलेज डगमगले नाही आणि बरीच घरे हळूहळू कॉलेजच्या ताब्यात आली.

आणि नुसत्या पैशाने भाऊपण येत नाही, हे दाखवणारी घटना अगदी अलीकडची. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील एका संघाचे घर माजी सदस्याने लाखो डॉलर खर्चून नव्यासारखे केले होते. त्या घरात फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्या सदस्यांना दारू पाजण्याचा प्रकार झाला. त्यांतला एक १९ वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडला, आणि त्याला कित्येक तास दवाखान्यात नेले गेले नाही. दोन दिवसांनी तो मेला. संगमरवर होता, झुंबरे होती, पण एक फोन करणारा भाऊ नव्हता. पुढे त्या राज्याने अशा छळाविरुद्ध कडक कायदा केला. पोर मात्र परत आले नाही.

बाबासाहेब आणि राहण्याची खोली

ज्या न्यूयॉर्क राज्यात हे इथाका गाव आहे, त्याच राज्यातील न्यूयॉर्क शहरात जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब उतरले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते थोडे दिवस राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबच्या जागेत गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले, आणि ही मैत्री जन्मभर टिकली. सातासमुद्रापलीकडे त्यांना खोली मिळाली. मात्र शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा स्वतःच्या देशात त्यांना कोणी खोली देईना, आणि पारशी वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे.

म्हणूनच असेल, बाबासाहेबांच्या शिक्षणकार्यात वसतिगृहाला पहिले स्थान आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. कॉलेजे नंतर आली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद. आधी मुलाला निवारा, मग वर्ग, हा क्रम त्यांनी अनुभवाने शिकलेला होता. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे द्यावयाच्या अर्जाची चौकशी केली होती. डू बॉइस हेही 'अल्फा फाय अल्फा'चे सदस्य. दोन देशांतील दाराबाहेरच्या माणसांची ही ओळख होती.

मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपण विसरता कामा नये. शिकलेला वर्ग समाजाच्या कामी येईल ही त्यांची अपेक्षा होती, आणि तो आपल्याच पोटापाण्यात गुंतला हे त्यांचे दुःख होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला त्यांनी आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग समाजाच्या कार्यासाठी देण्यास सांगितले. विसावा भाग म्हणजे शंभरातले पाच रुपये. श्रीमंत माजी विद्यार्थ्याच्या एका मोठ्या धनादेशावर त्यांची मदार नव्हती. गिरणीत काम करणाऱ्याचे पाच आणि साहेबाचे पन्नास एकाच पावतीपुस्तकात यावेत, म्हणजे दाराची कडी एकट्याच्या हातात राहत नाही. आमच्या मते या हिशोबातला सगळ्यात मोठा शहाणपणा हाच आहे.

आपण यातून काय घ्यावे

अमेरिकेतील त्या घरांची नक्कल आपण करावी, असे आम्ही म्हणत नाही. तेथल्या वाड्यांत आपल्याला रस नाही. पण काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

एक, मालमत्ता व्यक्तीच्या नावावर न ठेवता नोंदणीकृत संस्थेच्या नावावर ठेवणे आणि दरवर्षी हिशोब सर्वांसमोर वाचणे. घर टिकते ते कागद नीट असल्यामुळे. दोन, एकदम मोठी रक्कम मागण्याऐवजी तीन किंवा पाच वर्षांचे वचन घेणे; पगारदार माणसाला ते झेपते. तीन, शिकून गेलेल्याला यादीतून न वगळणे. मुलगा पुण्याला, नाशिकला, दुबईला गेला की आपण म्हणतो, गेला तो आता. तो गेलेला नसतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. लुइव्हिलच्या माजी विद्यार्थ्यांनी १९११ साली जे केले ते आपल्याला आजही करता येईल. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे : ज्याने जास्त दिले त्याला पाटी जरूर द्यावी, पण किल्ली देऊ नये. आत कोण येणार हे दात्याने ठरवायचे नाही, गरजेने ठरवायचे. परजातीचे, परगावचे, आईच्या एकटीच्या कमाईवर शिकणारे लेकरू दाराशी आले, तर ते आधी आत आले पाहिजे.

१९०५ साली कॉर्नेलमधून जी सहा मुले गेली आणि परतली नाहीत, त्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. ती थांबली असती तर कदाचित त्यांतूनही एखादा टँडी, एखादा कॅलिस निघाला असता. आपल्या वस्तीतूनही दरवर्षी एखादे मूल असेच शाळा-कॉलेजातून परत येते आणि मग जात नाही. त्याचे कारण विचारायला कोणी गेले का, एवढा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. पहिली वीट तेथेच बसते. सिमेंट-वाळूचा हिशोब नंतर.